शेवटची मुदत

“ही मालिका आजपासून बंद,” असं शिरस्तेदार काका पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तिच्या नायिकेचं लग्न व्हायचं होतं. आता तिची मुलगी शाळेत जाते. मधल्या काळात नायकाची स्मृती जाऊन परत आली, आत्याबाईंचं काम करणारी नटी बदलली, घराण्याचा कारखाना दोनदा हातचा गेला आणि दोनदा परत मिळाला. काका अजून मालिका सोडतायत. रोज रात्री नऊला सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सव्वाआठला, पंच्याच्या टोकाला चष्मा पुसून, तांब्याभांडं हाताशी घेऊन, टीव्हीसमोरच्या वेताच्या खुर्चीत हजर असतात.

मालिकेचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. तुमच्या घरी जी चालू असेल तीच ती.

साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात काकांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. दिवाणी कोर्टात ते लिपिक म्हणून चिकटले आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते शिरस्तेदार काका. कोर्टातला शिरस्तेदार म्हणजे न्यायाधीश नव्हे आणि वकीलही नव्हे. पण कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात आहे आणि अमुक मॅटर पुन्हा कधी बोर्डावर येणार, हे दोघांनाही ज्याला विचारावं लागतं तो माणूस. काकांची हयात तारखा देण्यात गेली. माणसं आली, ओट्यावर बसली, डबा खाल्ला, तारीख घेऊन गेली. काहींचे मुलगे येऊ लागले, मग नातू. काकांना त्यात कधी घाई वाटली नाही. घाई त्यांना वाटू लागली ती निवृत्तीनंतर, मालिका बघताना.

ते ‘मालिका कंटाळवाणी आहे’ असं म्हणत नाहीत. ‘कामकाज सरकत नाही’ असं म्हणतात. आणि कामकाज सरकत नाही याचा पुरावा त्यांच्याकडे लेखी आहे. कुठल्याशा सहकारी संस्थेनं दिवाळीला दिलेल्या जुन्या डायऱ्यांत ते मालिकेचा रोजनामा लिहितात. अक्षर कोर्टाचं, डावीकडे समास सोडलेला. एकदा मला वाचायला दिला होता.

‘मालिका पुकारली. नायिका हजर. सासू हजर. नायक गैरहजर, दिल्लीस गेल्याचे कळते. नायिकेने सीलबंद लिफाफा हाती घेतला. उघडला नाही. सासूने पाहिले. संगीत. जाहिराती. सासूने पुन्हा पाहिले. सबब काम तहकूब. पु. ता. उद्या.’

दुसऱ्या दिवशी: ‘उभय पक्ष हजर. कालचे काम सुरुवातीपासून पुन्हा दाखवले. लिफाफा नायिकेच्या हाती. वारा सुटला. लिफाफा उडाला नाही. धाकटी जाऊ हजर झाली. तिने “काय आहे त्यात?” असे विचारले. उत्तर नाही. सबब तहकूब.’

तिसऱ्या दिवशीची नोंद एकाच ओळीची आहे: ‘लिफाफा कपाटात ठेवला.’ त्याखाली पेनानं इतकं दाबून रेघ मारली आहे की मागच्या पानावर उमटली आहे.

त्या लिफाफ्यानं आमच्या वाड्यात दोन तट पाडले. आत डीएनए चाचणीचा अहवाल होता, आणि ती मुलगी कुणाची हे त्यावरून ठरणार होतं. वाड्यातल्या कुणालाही शंका नव्हती की मुलगी कुणाची. ते कधीच समजलेलं होतं. फक्त मालिकेतल्या माणसांना ते समजायचं होतं. भाग संपला की मंडळी ओट्यावर येत. दारातली नर्सबाई, माडीवरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, काकांची पुण्याहून शनिवार-रविवारी येणारी सून, आणि भाजी निवडायचं ताट मांडीवर घेऊन काकू. विषय एकच, बघायचं की सोडायचं. मी स्वतः मालिका बघत नाही. ओट्यावरचा वाद मात्र सहसा चुकवत नाही. त्याला वेग असतो, माणसं आपली वाक्यं पुरी करतात आणि कुणी बोललं की बाकीचे पाच जण वळून एकेक करून दचकत नाहीत.

सोडण्याच्या बाजूचे प्रमुख काका. पण त्यांची अडचण अशी की ते एकाच वेळी वादीही असतात आणि न्यायाधीशही. “माझ्या मते ही मालिका या महिनाअखेर डिसमिस करावी,” असं ते म्हणतात. मग थोडं थांबून, “पण मुलीच्या बापाचं म्हणणं अजून यायचंय. त्यालाही संधी दिली पाहिजे. गणपतीपर्यंत मुदत. शेवटची.” गणपतीला नायिका मोदक करता करता चक्कर येऊन पडते. निदान कळल्याशिवाय सोडता येत नाही, म्हणून नवरात्र. नवरात्रात निदान कळतं पण ते चुकीचं असतं. अशी शेवटची मुदत दिवाळी, संक्रांत आणि शिमगा ओलांडत पुन्हा गणपतीवर येते.

“दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनच मुदती आहेत,” काका सांगतात. “2002पासून. तीनच्या वर नाही.”

“आणि तुमच्या कोर्टात किती द्यायचे?” मास्तर विचारतात.

काका तांब्यातलं पाणी पितात.

मुदत देताना ते कधी खर्चही लावतात. “मुदत मंजूर, खर्चासह,” म्हणाले की काकूंना कांदाभजी तळावी लागतात. माझ्या मते काकूंना हा निवाडा मान्य नसूनही त्या तो पाळतात, कारण मालिका राहावी ही त्यांची गरज आहे.

काकूंची बाजू सरळ आहे. त्या म्हणतात, मालिका सावकाश चालते हाच तिचा गुण. “ती थांबून थांबून बोलतात म्हणून मला फोडणीला जाता येतं. आत जाऊन कुकरची शिटी मोजून आले तरी बाई तिथंच उभी असते. भरभर चालणारं बघायचं म्हणजे सगळं सोडून समोर बसावं लागेल. तुम्हाला जमेल, तुमचा स्वयंपाक मी करते.” घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढणं हे काम बरोबर एका भागाचं आहे असा त्यांचा अनुभव आहे, मेथी असेल तर जाहिराती धरून. आणि खरोखर, साडेआठ ते नऊ ही वेळ काही आकाशातून पडलेली नाही. ज्या घरात एकाच बाईचं लक्ष एकाच वेळी गॅस, गृहपाठ आणि पडद्यावर असतं, त्या घरासाठी केलेला हा माल आहे. तिथं प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागते, कारण दोनदा ती आत असते.

एकदा मात्र काकू चिडून म्हणाल्या ते ऐकण्यासारखं होतं. “म्हणे सासूचा राग आठ महिने टिकतो हे पटत नाही! तुमच्या आईला माझा राग यायला एक दुपार पुरली आणि उतरायला अकरा वर्षं लागली. तेव्हा नाही तुम्ही म्हणालात, कामकाज सरकत नाही म्हणून.”

त्या रात्री रोजनाम्यात मालिकेची नोंद नाही.

वादात दाखले दिले जातात. काकूंचा हुकमी दाखला ‘चार दिवस सासूचे’. ई टीव्ही मराठीवर 2001 साली लागली ती 2013पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांना रोज संध्याकाळी भेटल्याशिवाय ज्या घरांत पान वाढलं जात नसे त्या घरांतलं हे एक. “तिला कुणी सोडलं का?” काकू विचारतात. काका म्हणतात, नावात चार दिवस सांगून अकरा वर्षांच्या वर चालवणं ही पक्षकाराची उघड फसवणूक आहे. पण मग त्यांचाच चेहरा जरा सैल होतो. “आमच्याकडचा एक वाटपाचा दावा तिच्या आधी दाखल झाला होता,” ते म्हणतात, “आणि तिच्या नंतर निघाला. तीन भाऊ आणि एक आड. आडात पाणी नव्हतं.”

नर्सबाईंचा दाखला ‘होणार सून मी ह्या घरची’चा. तिच्यातल्या जान्हवीचं गरोदरपण 2015 साली इतकं लांबलं की व्हॉट्सअॅपवर विनोदांची दिंडी निघाली होती. नर्सबाईंनी मात्र ते विनोदावारी नेलं नाही. त्या आठवडे मोजत होत्या. “अशी केस आमच्याकडे असती तर डॉक्टरांनी केव्हाच मोठ्या दवाखान्यात पाठवली असती,” असं त्या अजून काळजीनं सांगतात. त्यांनी मालिका सोडली का? छे. बाळंतपण अर्धवट टाकून कुणी जातं का?

काकांच्या मते आदर्श दोनच. एक, 1984चं ‘हम लोग’, कारण भागाच्या शेवटी अशोककुमार स्वतः येऊन काय झालं आणि त्यातून काय घ्यायचं ते थोडक्यात सांगत. “निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद,” काका म्हणतात. “बाकी नाही वाचलं तरी चालतं.” दुसरी, ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. 2012मध्ये सुरू झाली, 2012मध्येच आटोपली. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्या अभिनयाबद्दल काकांना काही म्हणायचं नाही. दाखल आणि निकाली एकाच सालात, एवढ्यावर ते खूश आहेत.

मालिकेत कोर्टाचा प्रसंग आला की मात्र घरात कुणाचं काही चालत नाही. त्या आठवड्यात काका खुर्ची पुढं ओढतात. न्यायाधीशानं हातोडा आपटला की ते टीव्हीला उद्देशून बोलू लागतात. “उभी नोकरी कोर्टात गेली. हातोडा पाहिला तो फक्त खिडकी दुरुस्त करायला आलेल्या सुताराच्या हातात.” साक्षीदाराला गीतेवर हात ठेवायला लावला की, “हे कुठल्या कायद्यात आहे?” वकील साक्षीदाराच्या पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारू लागला की, “बस खाली. बस म्हणतो ना!” आणि ऐन वेळी दार उघडून, कसलाही अर्ज न देता, मेलेला साक्षीदार आत आला की काका डोळे मिटून घेतात. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर कायदा त्याला मयत धरू शकतो. मालिकेत लीपही बऱ्याचदा तेवढीच असते, आणि नेमका त्याच मुहूर्तावर माणूस नवा चेहरा घेऊन परततो. “वारस लावून झालेले असतात हो,” काका कळवळून म्हणतात. “आता सगळं पुन्हा करायचं?”

पण माझं एक निरीक्षण आहे. कोर्टाच्या त्या आठवड्यात काका ‘सोडतो’ म्हणत नाहीत. खटल्याला तारीख पडली की त्यांना एकदम बरं वाटतं.

सुनेचा पक्ष तिसराच. ती मोबाइलवर अॅपमध्ये बघते. पैसे भरलेले असल्यानं टीव्हीच्या आधी बघते आणि दीडपट वेगानं बघते. मालिकेतली सासू दीडपट वेगानं रडताना ऐकली तर शिवण यंत्राचा भास होतो. शनिवारी सकाळी चहा गाळता गाळता तिनं एकदा सहज सांगून टाकलं, “आई, लिफाफा उघडला. कोरा कागद निघाला. खरा रिपोर्ट धाकट्या जावेनं बदललाय.” काकूंच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. काका दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, “निकाल जाहीर व्हायच्या आधी फोडणं हा गुन्हा आहे.” आणि साडेआठला, कोरा कागद निघणार हे माहीत असताना, सगळ्या वाड्यानं तो कागद श्वास रोखून कोरा निघताना पाहिला. काकांनी लिहिलं: ‘लिफाफा उघडला. आत कोरा कागद. असला दस्त दाखल करून घेतलाच कसा?’

वाड्यानं मालिका सोडण्याच्या खरोखर जवळ येण्याचा प्रसंग एकदाच आला. नर्सबाईंचा भाचा ठाण्याला घोडबंदर रोडकडे मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक आहे. तो गौरीला आला होता. काकांनी त्याला ओट्यावर मधोमध बसवलं आणि तपासाला सुरुवात केली.

“भाग अर्ध्या तासाचा. त्यात मालिका किती?”

“बावीस मिनिटं धरा. कधी कमी.”

“त्यात कालचं किती?”

“एक-दोन मिनिटं. आणि शेवटी उद्याचं थोडं.”

“आणि एक जण बोलला की सहा जणांचे चेहरे दाखवता ते कशासाठी?”

भाचा हसला. “काका, त्या सहा जणांना दिवसाचे पैसे दिलेले असतात. मेकअप करून सकाळपासून बसलेत. ते दिसायला नकोत? शिवाय सहा चेहरे म्हणजे अर्धं मिनिट. संगीत टाकलं की पाऊण. लेखकाचा सीन सकाळी येतो, कधी दुपारी. तेवढ्यात दिवस भरून काढायचा असतो. परवा तर हीरोच्या तारखा नव्हत्या—”

“तारखा?” काका पुढं सरकले.

“हो. नटाच्या तारखा नसल्या की त्याला दिल्लीला पाठवायचं, नाहीतर कोमात.”

काकांनी इतक्या आपुलकीनं त्या पोराकडे पाहिलं की आता ते त्याला जेवून जा म्हणतात की काय असं वाटलं. पण पुढचा प्रश्न काकूंनी विचारला. “अरे, पण तो लिफाफा आधीच का नाही उघडला?”

मग त्यानं सांगितलं ते असं. देशभरात पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत मीटर बसवलेलं असतं. त्या घरांत काय लागतं यावरून दर गुरुवारी आकडे येतात. आकडा चढता असला की चाललेला ट्रॅक ताणायचा, पडला की गुंडाळायचा. “लिफाफ्याला आकडा छान होता, काकू. लोक बघत होते तोवर उघडायचा कशाला?”

ओट्यावर शांतता पसरली. मास्तरांनी तंबाखू मळणं थांबवलं.

“म्हणजे आपण बघत होतो,” काका सावकाश म्हणाले, “म्हणून ती उघडत नव्हती.”

“तसंच.”

“आणि बघणं सोडलं असतं तर उघडला असता,” नर्सबाई म्हणाल्या.

“पण मग आपल्याला दिसला नसता,” काकू म्हणाल्या.

मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि नाद सोडला. भाच्यानं मग सांत्वन म्हणून जे सांगितलं त्यानं खरा घाव बसला. “तुम्ही कशाला एवढा विचार करता? तुमच्याकडे मीटर नाही. तुम्ही बघितलं काय, नाही बघितलं काय, कुणाला कळतच नाही.”

काका उठून आत गेले. इतकी वर्षं त्यांनी त्या मालिकेला मुदती दिल्या, तंबी दिली, खर्च लावला. आणि या प्रकरणात त्यांचं वकीलपत्रसुद्धा दाखल नव्हतं! दुसऱ्या दिवशी साडेआठला वेताची खुर्ची अंगणात, तुळशीपाशी होती. काका ज्ञानेश्वरी उघडून बसले होते. आतून संगीत येऊ लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं विचारलं, “आत्या बोलतेय का ती?” कुणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी डायरी ज्ञानेश्वरीवर ठेवलेली मला माडीवरून दिसली. ती नोंद नंतर मी वाचली: ‘प्रत्यक्ष पाहिले नाही. आवाजावरून आत्या हजर. भांडे पडले. कोण पडले ते समजत नाही. ऐकीव पुरावा, ग्राह्य नाही.’ चौथ्या दिवशी पावसाची सर आली आणि खुर्ची आत घ्यावी लागली. सर दोन मिनिटांची होती.

खरं म्हणजे मालिका खरोखरच बंद पडते तेव्हा काय होतं हे काकांना एव्हाना माहीत होतं. मार्च 2020मध्ये चित्रीकरणं थांबली, वाहिन्यांनी जुने भाग लावायला घेतले आणि जुलैच्या मध्यापर्यंत नवं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी ‘उन्हाळी सुट्टी’ असं एका पानावर लिहून वही मिटली, आणि जुने भाग पुन्हा पाहिले. जुन्या भागांतही लिफाफे होते. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणाला पुन्हा बंदी आली तेव्हा बऱ्याच मालिकांनी आपली कुटुंबं उचलून गोव्याला नेली. आमच्या मालिकेतलं कोल्हापूरचं खानदान एका भागात वाड्यात जेवायला बसलं होतं, ते पुढच्या भागात निळ्या पाण्याच्या तलावाकाठी नाश्ता करताना दिसलं. कारण दिलं, कुलदैवत गोव्यात आहे. कुलदैवत कुणाला दिसलं नाही; पोहायचा तलाव रोज दिसला. “मालमत्ता कोल्हापुरात, वाद कोल्हापुरातला आणि सुनावणी गोव्याला?” काकांनी अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला. “तिथल्या मुलखाचा या प्रकरणाशी संबंध काय?” मग मे महिन्यात गोव्यातही चित्रीकरणं थांबवली गेली आणि काकांना वाटलं, आपला आक्षेप कुणीतरी ऐकला.

आणि एके दिवशी जाहिरात लागली. मालिका निरोप घेते आहे, शेवटचे बारा भाग.

त्या बारा भागांत जे घडलं ते सांगायला मला धाप लागेल. धाकट्या जावेनं पाय धरले. खरा अहवाल देवघरात सापडला, समईखाली, जिथं सासू रोज दिवा लावत होती. आत्या सुधारली. कारखाना परत मिळाला. दोन लग्नं एकाच मांडवात लागली. जिनं सगळं घडवून आणलं ती खलनायिका एका सुनावणीत दोषी ठरून त्याच भागात गाडीत बसून गेली. चेहरे दाखवायला वेळ नव्हता. माणसं बोलली की पुढची बोलत होती. सून म्हणाली, पहिल्यांदाच साध्या वेगानं बघता आलं.

एवढी वर्षं ज्यांनी कामकाज सरकत नाही म्हणून आकांत केला ते काका खुर्चीतून उठून उभे राहिले होते. “हे काय चाललंय? तिची उलटतपासणी कुठं झाली? तिच्या वकिलाला बोलू दिलं नाही. तिचं म्हणणं न ऐकता शिक्षा?”

“अहो, पण तिनं विष घातलं होतं दुधात,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. त्या रडत होत्या त्या लग्नांसाठी.

“घातलं असेल! म्हणून काय झालं? तिला मुदत द्यायला हवी होती. निदान तीन.” आणि मग जरा खालच्या आवाजात, “कारखान्याचं तर मी अजून नीट लिहूनही घेतलं नव्हतं.”

शनिवारी मालिका संपली. रविवारी काकांनी वाड्यात जाहीर केलं की आता नवीन काही लावून घ्यायचं नाही, साडेआठला बातम्या बघायच्या, लवकर जेवायचं. मास्तरांनी लगेच पाठिंबा दिला. ते गेली कित्येक वर्षं आपण मालिका बघत नाही, फक्त तिथं बसतो, असं सांगत आले आहेत. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी सोमवारी बाजारातून दोन किलो घेवडा आणला.

साडेआठला नवी मालिका सुरू झाली. एक मुलगी, पाठीला पिशवी, हातात फाइल, एसटीमागं धावत होती. हळू. केस हळू, ओढणी हळू, स्टँडवरची कबुतरंसुद्धा हळू. काका दाराशी उभे होते, बसले नव्हते.

“किती वेळ झाला धावतेय?” त्यांनी विचारलं.

“तीन मिनिटं,” सून म्हणाली. ती त्या दिवशी सुट्टी घेऊन राहिली होती. “बाबा, हीपण तसलीच निघणार. आत्ताच सोडून द्या.”

काकांनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ जाऊन बसची पाटी वाचली. “सातारा–स्वारगेट. ही विनाथांबा आहे. ही मधे थांबणारच नाही, ही पोरगी धावतेय कशाला?”

“मग उद्या बघायला नको?” काकूंनी शेंगेची शीर ओढत विचारलं.

“बघायला तर पाहिजे,” काका खुर्ची पुढं घेत म्हणाले. “थांबली तर कंडक्टरची चूक आहे.”